स्कॅनर गप्प, गाडी बंद : जुन्या एमपीएफआय गाड्यांची गोष्ट

आजचा भाग सुरू होतो ऐरोलीत, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

बाबांची २००४ सालची पेट्रोल गाडी. सकाळी सात-आठ वेळा सेल्फ मारल्याशिवाय चालू व्हायची नाही. पाम बीच रोडला जरा वेग घेतला की मिसिंग, धक्के. चेक इंजिनचा लाईट मात्र लागत नव्हता. एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, तो कनेक्टच होईना. मग त्याने सरळ निकाल दिला, “पंप गेलाय. आणि खरं सांगू? एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करू नका, भंगारात द्या.”

बाबा काहीच बोलले नाहीत. ती त्यांची पहिली गाडी. मला मात्र राग आला, कारण माझं रोजचं काम बग शोधण्याचं. काहीही न मोजता निकाल कसा काय लावतात? उत्तर शोधायला गेलो आणि थेट इतिहासात पोहोचलो.

एकेकाळी मुंबईची काळी-पिवळी म्हणजे प्रीमिअर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. तिच्यात कार्बोरेटर होता. मिस्त्री आवाज ऐकायचा, धुराचा वास घ्यायचा, जेट काढून फुंकायचा, स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, झालं ट्यूनिंग! निदान कानात आणि नाकात होतं.

मग हे बदललं का? लोकांनी मागणी केली म्हणून नाही, तर हवा खराब झाली म्हणून. १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं आणि नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. या कन्व्हर्टरला हवा आणि पेट्रोलचं प्रमाण अगदी काटेकोर लागतं : एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा. थंडी, ऊन, चढ, ट्रॅफिक, सगळीकडे तेच प्रमाण सांभाळणं कार्बोरेटरला जमत नाही. १९९८ मध्ये सॅन्ट्रो एमपीएफआय इंजिन घेऊनच आली. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो निकषांच्या तारखा ठरवून दिल्या, आणि १ एप्रिल २००० पासून देशभर युरो-१ च्या तोडीचे निकष लागू झाले. मारुती ८०० लासुद्धा एमपीएफआय घ्यावं लागलं.

आता गंमत बघा. इंजेक्शन आलं, पण सगळ्या गाड्यांना ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःच बिघाड सांगण्याची सोय, बीएस-४ सोबत २०१० पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. मधल्या दहा-बारा वर्षांतल्या कितीतरी गाड्या कंपनीच्या स्वतःच्या मशीनशीच बोलायच्या. फिरवायला स्क्रू नाही आणि साध्या स्कॅनरला उत्तर नाही. बाबांची गाडी नेमकी याच पिढीतली!

त्यात आणखी एक गोष्ट. स्कॅनर कनेक्ट झाला असता तरी कदाचित काही सापडलं नसतं. कॉम्प्युटरला तेवढंच कळतं, जेवढं सेन्सर सांगतात. या जुन्या गाड्यांत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सर बहुतेक नसतोच. त्यामुळे दाब कमी झाला तरी लाईट लागेलच असं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, लॉगमध्ये एरर नाही म्हणजे बग नाही, असं थोडंच असतं?

शेवटी तुर्भ्यात एक वयस्कर मिस्त्री भेटले. पद्मिनीच्या टॅक्सींवर हात बसलेला माणूस. म्हणाले, “आधी ऐकू या.” चावी ऑन केली की पंप दोनेक सेकंद घुं करतो. केला, पण दबक्या आवाजात. मग त्यांनी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू दिलं, म्हणजे लाईनमधला दाब उतरतो. (हे न करता पाइप सोडलात तर पेट्रोलचा फवारा अंगावर येतो. आग लागू शकते. घरी प्रयोग नकोत!) गेज जोडला, फ्यूज परत लावला. अशा गाड्यांत दाब साधारण अडीच-तीन बार हवा. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो. आमचा दोनवर, आणि रेस दिली की आणखी खाली.

म्हणजे पंप गेला? “थांबा,” ते म्हणाले. फिल्टर नवा होता. मल्टिमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंपाच्या प्लगवर जेमतेम ११. पंप उपाशी होता! अर्थिंगच्या जोडावर हिरवट गंज चढला होता. खाडीची दमट हवा, दुसरं काय. जोड घासला, नवी वायर टाकली, दाब जागेवर आला.

जाता जाता त्यांनी रबरी पाइपही वाकवून बघितले. महाराष्ट्रात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला २००३ मध्ये सुरुवात झाली ती ५ टक्क्यांनी, आता ते २० टक्क्यांवर गेलंय. जुन्या रबराला ते सोसेलच असं नाही, म्हणून भेगा आणि ओल बघत राहायची.

मला वाटलं होतं, पद्मिनीच्या मिस्त्रींचं ज्ञान कार्बोरेटरबरोबर संपलं. तसं नाही. त्यांनी कान सोडला नाही, फक्त कानाला जे ऐकू आलं ते गेजवर तपासून घेतलं.

बाबा आता सकाळी चावी फिरवतात, दोन सेकंद थांबतात, घुं ऐकतात, मगच सेल्फ मारतात. तुमच्या घरी अशी एखादी गाडी असेल तर उद्या सकाळी ऐकून बघा. आणि कुणी “पंप गेला” म्हणालं, तर एकच विचारा : मोजलंत का?

भेटू पुढच्या भागात!