डिमेन्शियाची गोळी सोसत नाहीये? बंद करण्याआधी हे वाचा

गोळी सुरू झाली आणि आजी जेवेनाशा झाल्या. मळमळ, जुलाब, रात्री भीतीदायक स्वप्नं. अशा वेळी घरचे कंटाळून गोळीच बंद करतात. पण बऱ्याचदा डोस, वेळ किंवा सोबतची दुसरी गोळी बदलली तरी त्रास कमी होतो.

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन ही औषधं मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलीन टिकवून धरतात. अल्झायमरमध्ये हे रसायन कमी पडतं. अडचण अशी की तेच रसायन पोट, मूत्राशय आणि हृदयातही काम करतं. त्रास होतो तो तिथेच.

म्हणून डोनेपेझिल साधारणपणे 5 मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि 4 ते 6 आठवड्यांनंतरच 10 वर नेतात. पोटाचा त्रास अनेकांना सुरुवातीलाच होतो, पुढे ओसरतो. स्वप्नं पडत असतील तर डॉक्टरांना विचारून रात्रीची गोळी सकाळी देता येते. रिव्हास्टिग्माइनची कॅप्सूल जेवणासोबतच द्यायची. तिचा पॅचही मिळतो, त्याने मळमळ कमी होते. मात्र नवा लावताना जुना आठवणीने काढा. दोन पॅच अंगावर राहिले तर ओव्हरडोस होऊ शकतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दुसऱ्या गोळ्यांमुळे. डोनेपेझिलमुळे लघवी आवरत नाही, मग त्यासाठी ऑक्सिब्युटिनिन सुरू होतं. हे औषध अ‍ॅसिटिलकोलीनचंच काम अडवतं! म्हणजे एक गोळी ब्रेकवर, एक अ‍ॅक्सिलरेटरवर. सर्दीच्या अनेक गोळ्यांमधलं क्लोरफेनिरामिनही असंच वागतं, आणि ते तर मेडिकलमधून सहज आणलं जातं.

चक्कर येणं, अचानक पडणं, नाडी मंद होणं याकडे मात्र दुर्लक्ष नको. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल चालू असेल तर धोका वाढतो. अशा वेळी लगेच डॉक्टरांना गाठा, ईसीजी लागू शकतो.

रुग्णाला स्वतःचा त्रास नीट सांगता येत नाही. त्यामुळे दर महिन्याला वजन करून लिहून ठेवा. गोळी मनाने बंद करू नका, काहींची अवस्था त्याने झपाट्याने बिघडते. रिव्हास्टिग्माइन तीन दिवसांपेक्षा जास्त चुकलं असेल तर जुन्या डोसने पुन्हा सुरू करू नका, डॉक्टर सर्वात कमी डोसपासून सुरुवात करतात. पुढच्या तपासणीला घरातल्या सगळ्या गोळ्या, सर्दीच्या आणि झोपेच्याही, एका पिशवीत घालून घेऊन जा.