उगवत्या सूर्याचे घर

मंडळी, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या एखाद्या आजीला विचारा, "आजी, ही ओवी रचली कुणी?" ती हसेल नि म्हणेल, "रचायची कशाला? माझी आई म्हणायची, म्हणून मी म्हणते." आज ज्या गाण्याची हकिकत सांगायची आहे, ते सातासमुद्रांपलीकडचे. पण त्याचे कूळ पाहिले, तर ते ह्या ओवीसारखेच आहे.

गाण्याचे नाव 'द हाउस ऑफ द रायझिंग सन', म्हणजे उगवत्या सूर्याचे घर. १९६४ साली इंग्लंडच्या न्यूकॅसल शहरातल्या 'द अ‍ॅनिमल्स' ह्या पाच तरुणांच्या वाद्यवृंदाने ते ध्वनिमुद्रित केले आणि त्याच वर्षी इंग्लंड-अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेले. गायक एरिक बर्डन. त्या काळी तबकडीवरचे गाणे तीनेक मिनिटांत आटपत असे. हे चार मिनिटांच्याही वर चालले, तरी लोक कंटाळले नाहीत.

गाण्यात आहे तरी काय? अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात ह्या नावाचे एक घर आहे. त्याने कित्येकांचे वाटोळे केले, त्यांतलाच मीही एक, असे गाणारा सांगतो. आपल्या धाकट्यांनी तरी ही वाट धरू नये, असे त्याला मनापासून वाटते. पण स्वतः मात्र तो पुन्हा तिकडेच निघाला आहे, पायांत बेडी घालून घ्यायला. इथेच गाणे काळजाला लागते. वाईट काय ते समजते, दुसऱ्याला सांगताही येते, पण पाय मागे फिरत नाहीत. व्यसनाने बसलेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ह्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

हे घर कसले? कोणी म्हणतात वेश्येची माडी, कोणी म्हणतात जुगाराचा अड्डा. गाण्यातल्या बेडीवरून कोणी तो तुरुंगच समजतात. न्यू ऑर्लिन्समध्ये 'रायझिंग सन' नावाचे एक हॉटेल खरोखरच होते. ते १८२२ साली आगीत जळाले. पण गाण्यातले घर तेच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. आणि ते सापडले नाही म्हणून गाण्याचे काही अडतही नाही. ज्याला त्याला आपापल्या गावातले असे एखादे घर ठाऊक असतेच.

आता जरा मागे जाऊ. १९३७ सालचा सप्टेंबर महिना. अ‍ॅलन लोमॅक्स नावाचा बावीस वर्षांचा तरुण ध्वनिमुद्रणाचे जड यंत्र घेऊन केंटकीच्या डोंगराळ मुलखात हिंडत होता. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस ह्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी तो लोकगीते गोळा करीत होता. मिडल्सबरो ह्या गावी जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने त्याला हे गाणे म्हणून दाखवले. ती एका खाणकामगाराची मुलगी. तिच्या तोंडी हे गाणे बाईचे आहे: आई शिवणकाम करणारी, प्रियकर दारुडा, आणि धाकट्या बहिणीला सावध करणारी ती स्वतः.

हे गाणे तिने रचले होते, असे नव्हे. क्लॅरेन्स अ‍ॅशले ह्या लोकगायकाने १९३३ सालीच ते तबकडीवर गायले होते आणि आपल्याला ते आजोबांकडून मिळाले, असे तो सांगे. त्याच्या गाण्यात घर बुडाले ते मुलग्यांचे. म्हणजे पुरुषाने म्हटले की गाणे पुरुषाचे, बाईने म्हटले की बाईचे. लोमॅक्सने १९४१ साली जॉर्जियाचे गाणे पुस्तकात छापले आणि तिचे नावही दिले. पुढे ते शहरी गायकांच्या तोंडी बसले. १९६२ साली बॉब डिलनने ते आपल्या पहिल्याच तबकडीवर बाईच्या मुखाने गायले. दोन वर्षांनी अ‍ॅनिमल्सनी त्यातल्या बाईचा पुन्हा पुरुष केला. केंटकीच्या कोळशाच्या मुलखातले गाणे इंग्लंडच्या कोळशाच्या मुलखात पोचले, पण खाणवाल्याची ती लेक मात्र वाटेतच राहिली.

अ‍ॅनिमल्सच्या तबकडीवर 'पारंपरिक' असे छापले होते आणि मांडणी करणारा म्हणून एकट्या अ‍ॅलन प्राइसचे नाव होते. त्यामुळे मानधनाचा हक्क त्याच्याकडे गेला आणि बाकीच्या चौघांच्या मनात ती गोष्ट कायमची सलत राहिली. पाच जणांचा हा तंटा जगाला ठाऊक आहे. पण १९६९ साली वारलेल्या जॉर्जियाचे नाव किती जणांनी ऐकले असेल?

गुरुजी, आपल्याकडे साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या मोठ्या मायेने जमवल्या, हे आपण जाणताच. वर्गातल्या मुलांना एक काम जरूर सांगा. घरी कोणी जुने गाणे म्हटले, तर ते वहीत उतरवून घ्यायचे आणि त्याखाली म्हणणारीचे नाव, गाव व तारीख लिहायची. गाणे 'पारंपरिक' असेल. पण ज्या कंठाने ते आपल्यापर्यंत आणून पोचवले, त्या कंठाला नाव असते.