निळ्या भिंतीची किंमत

बेंजामिन फ्रँकलिन १७६७ साली लंडनमध्ये राहत होते आणि त्यांची पत्नी डेबोरा फिलाडेल्फियातलं नवं घर लावत होती. त्या घरातल्या एका खोलीला निळा कागद लावला होता. लाकूडकामही त्याच रंगाचं होतं, त्यामुळे खोली अंधारी दिसत होती. समुद्रापलीकडून फ्रँकलिननी पत्रातून उपाय कळवला. लाकूडकाम पांढरं करावं, भिंतींना निळा कागद राहू द्यावा आणि कडेने सोनेरी पट्टी मारावी. ज्या माणसाने विजेवर प्रयोग केले, पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली, त्यालाही एका खोलीच्या निळ्या कागदाने विचार करायला लावलं होतं.

आज दहा बाय दहाच्या बेडरूमसाठी वॉलपेपर निवडणारी माणसं नेमक्या याच प्रश्नापाशी अडतात. निळा घेतला तर खोली लहान वाटेल का? गडद घ्यावा की आभाळी? दुकानदार कॅटलॉग उघडतो आणि पन्नास प्रकारचे निळे समोर ठेवतो. पण हा रंग इतका स्वस्त आणि इतका सहज कसा झाला, हे त्या कॅटलॉगात नसतं. ती हकिकत आपल्या भागाशी, आपल्या माणसांशी जोडलेली आहे.

माती खणली की पिवळा, तांबडा, तपकिरी रंग हाती लागतो. निळ्याचं तसं नाही. शेकडो वर्षं उत्तम निळा रंग मिळत असे तो एका दगडातून. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरात हा दगड निघतो. फारसीत त्याला लाजवर्द म्हणतात. हा शब्द अरबीतून युरोपात गेला आणि निळ्यासाठीचे तिथले ‘अझूर’, ‘अझुल’ हे शब्द त्यातूनच आले. दगड कुटून, धुऊन, गाळून जी पूड मिळे ती अतिशय महाग असे. हेरात, तब्रीझ आणि पुढे मुघल दरबारातल्या चित्रकारांनी ती पोथ्यांच्या पानांवर वापरली. कुरआनच्या राजेशाही प्रतींमध्ये सोन्याच्या शेजारी हाच निळा दिसतो. पण तो वापरायचा नखाएवढ्या जागेत. अख्खी भिंत त्याने रंगवणं सामान्य माणसाच्या स्वप्नातही नव्हतं.

भिंतीवर निळा आणण्याची आपल्याकडची वाट वेगळी होती. बिदरमध्ये बहमनी वजीर महमूद गावान यांनी १४७२ च्या सुमारास मदरसा बांधला. ते मूळचे इराणच्या गिलान प्रांतातले. त्या मदरशाच्या दर्शनी भिंतीवर भाजलेल्या, झिलईदार निळ्या फरशा बसवल्या होत्या. त्यातल्या काही आजही शिल्लक आहेत. पण हा निळा वजिराच्या खजिन्यातून आलेला होता. गरिबाच्या घरापर्यंत तो पोहोचणार नव्हता.

ते चित्र बदललं अठराव्या शतकात. १७०६ च्या आसपास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंगारी लाल रंग करायला बसला होता. त्याच्याकडची पोटॅश भेसळीची निघाली आणि लालऐवजी गडद निळा तयार झाला. हाच प्रशियन ब्लू. १७२४ मध्ये त्याची कृती लंडनमध्ये छापून आली आणि मग तो कुणालाही बनवता येऊ लागला. त्याच काळात इंग्लंडमध्ये भिंतीवर छापील कागद लावण्याची पद्धत वाढत होती. ती इतकी वाढली की सरकारने १७१२ मध्येच या कागदावर कर बसवला, तो १८३६ पर्यंत चालू राहिला. कागद छापणारे कारागीर निळ्यासाठी प्रशियन ब्लू, तांब्यापासून होणारा व्हर्डिटर आणि तिसरी वस्तू म्हणजे नीळ वापरत.

ही नीळ झाडाच्या पानांतून येते. पानं हौदात भिजत घालायची, आंबली की पाणी दुसऱ्या हौदात सोडून काठ्यांनी घुसळायचं, खाली बसलेला गाळ उकळून, दाबून त्याच्या वड्या पाडायच्या. युरोपला नीळ मुख्यतः कापडासाठी हवी होती आणि ती प्रचंड प्रमाणात हवी होती. १७८८ मध्ये ब्रिटनमध्ये येणाऱ्या निळीपैकी सुमारे ३० टक्के नीळ भारतातली होती. १८१० पर्यंत हा आकडा ९५ टक्क्यांवर गेला.

हे ९५ टक्के कुठून आले? बंगालच्या रयतेच्या भातशेतीतून. गोरे मळेवाले शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देत आणि करारावर अंगठा घेत. मग चांगल्यात चांगल्या जमिनीत नीळ लावावीच लागे. भाव इतका पडका की उचल कधी फिटत नसे. फरीदपूरच्या भागात फराइजी चळवळीचे नेते दुदू मियां यांनी जमीनदार आणि नीळवाले या दोघांविरुद्ध शेतकरी उभे केले. त्यासाठी त्यांना वारंवार तुरुंग पाहावा लागला. १८५९ मध्ये नदिया जिल्ह्यातून मोठा उठाव सुरू झाला. दिगंबर आणि विष्णुचरण बिस्वास हे त्याच्या आघाडीवर होते. मुसलमान आणि हिंदू रयत एकाच बांधावर उभी राहिली आणि तिने नीळ पेरायला नकार दिला. बायका घरातली भांडी घेऊन लढायला उतरल्या. १८६० मध्ये सरकारला नीळ आयोग नेमावा लागला आणि पुढच्या काळात नीळ पेरायची की नाही हे रयतेने ठरवावं, हे मान्य करावं लागलं.

मळेवाले मग बिहारकडे वळले. चंपारणमध्ये ‘तीनकठिया’ होती. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यात तीन कठ्ठे नीळ लावणं सक्तीचं. १८९७ मध्ये जर्मन कंपनीने कारखान्यात तयार केलेली नीळ बाजारात आणली आणि पानांच्या निळीचा भाव कोसळला. तो तोटाही मळेवाल्यांनी शेतकऱ्याच्याच गळ्यात मारला. नीळ पेरण्यातून सुटका हवी तर वाढीव खंड द्या, नाहीतर एकरकमी पैसे द्या. शेख गुलाब यांनी १९०७-०८ मध्ये याविरुद्ध शेतकऱ्यांना संघटित केलं. पीर मुहम्मद मूनिस यांनी कानपूरच्या ‘प्रताप’मधून ही कहाणी देशापुढे ठेवली. राजकुमार शुक्ल गांधीजींना १९१७ मध्ये चंपारणला घेऊन गेले आणि पुढच्या वर्षी कायद्याने ही सक्ती संपली. गांधीजींचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे, ते असायलाच हवं. पण गांधीजी येण्याआधी तिथली जमीन नांगरून ठेवणाऱ्यांची नावं किती जणांना आठवतात?

मग आपल्या आई-आजींनी चुन्यात कालवलेली नीळ कुठली? फ्रान्समध्ये १८२४ साली लाजवर्दीसारखा रंग कृत्रिमरीत्या बनवणाऱ्याला ६००० फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं. १८२८ मध्ये ते ज्याँ-बातिस्त गिमे यांना मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भाजून हा रंग होतो. बदख्शानच्या दगडाचा थाट त्यामुळे किराणा दुकानातल्या पुडीत आला. पांढऱ्या कपड्यांना घालायची आणि चुन्यात मिसळायची पूड हीच. झाडाची नीळ गेली, कारखान्याची आली, पण आपण तिला नीळच म्हणत राहिलो. शेतकऱ्याच्या घामाची आठवण एवढ्या एका शब्दात उरली.

आज महाराष्ट्रात रंगांची वाटणी झाली आहे. हिरवा यांचा, भगवा त्यांचा, निळा आणखी कुणाचा. मुसलमानाच्या घरात भिंत निळी दिसली तर पाहुणा विचारतो, हिरवा का नाही लावला? निळा रंग आंबेडकरी चळवळीने स्वाभिमानाचा केला, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण इतिहास पाहिला तर या रंगात बदख्शानचा खाणकामगार आहे, बिदरचा कारागीर आहे, नदियाचे बिस्वास आहेत, फरीदपूरचे दुदू मियां आहेत. एवढ्या हातांतून आलेल्या रंगावर कोणा एकाचा सातबारा कसा निघेल?

तेव्हा खोली लहान असेल तर निळा कागद जरूर लावा. फिका घ्या, दारं-खिडक्या आणि छत पांढरं ठेवा, उजेडाच्या समोरची एखादी भिंत निवडा. फ्रँकलिन यांचा सल्ला अडीचशे वर्षांनंतरही कामाचा आहे. आणि घरातल्या पोराने कधी विचारलं की हा रंग कुठून आला, तर दुकानाचं नाव सांगून थांबू नका. त्याला चंपारणच्या तीन कठ्ठ्यांची गोष्टही सांगा.