निद्राविकार व वर्तनसमस्या, बालकांतील

निद्राविकार व वर्तनसमस्या, बालकांतील : अपुरी, खंडित अथवा अवेळी झोप आणि चंचलता, चिडखोरपणा, हट्ट, आक्रमकता, अनवधान यांसारखे वर्तनदोष बालकांत वारंवार एकत्र आढळतात, आणि त्यांचा संबंध परस्परपोषक असल्यामुळे, कारण कोणते व परिणाम कोणता याचा निवाडा प्रत्येक मुलाच्या बाबतीत स्वतंत्रपणे करावा लागतो.

कारणमीमांसा : झोप अपुरी झालेला प्रौढ मनुष्य पेंगतो, परंतु मूल पुष्कळदा अधिकच धावपळ करते, सबब त्याचे जागरण कोणाच्या ध्यानी न येता ते केवळ वांड ठरते. आवेगांवर ताबा ठेवणारा मेंदूचा अग्रभाग निद्रेअभावी दुर्बळ होतो. टॉन्सिल व अ‍ॅडिनॉइड वाढल्याने रात्री होणारा श्वासरोध आणि लोहन्यूनतेशी निगडित अशी पायांची अस्वस्थता ही झोपमोडीची शारीरिक कारणे होत. उलटपक्षी चिंता, अतिचंचलता व स्वमग्नता यांमुळेही झोप बिघडते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, ११,००० हून अधिक ब्रिटिश मुलांच्या पाहणीत, शैशवात घोरणे व श्वासरोध असलेल्यांत चौथ्या व सातव्या वर्षी वर्तनसमस्या अधिक आढळल्या.

महाराष्ट्रातील परिस्थिती : मुलांची झोप पुरी होत नसल्याकडे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये लक्ष वेधल्यानंतर, पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असा आदेश शालेय शिक्षण विभागाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी काढला. वऱ्हाडात मात्र उन्हाच्या तडाख्यामुळे उन्हाळ्यात सकाळच्या शाळेस पर्याय उरत नाही. आणि अमरावतीनजीकच्या नांदगाव पेठेसारख्या, महामार्ग व औद्योगिक वसाहत लाभलेल्या गावी, रात्री उशिरापर्यंत न निवणारी घरे, वाहनांची वर्दळ व कर्त्या माणसांच्या कामाच्या पाळ्या यांतून मुलाची झोप सांभाळणे हे कुटुंबापुढील खरेखुरे कष्टाचे काम होय.

उपाययोजना : सहा ते बारा वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास झोप लागते. निजण्याची ठराविक वेळ, निजण्यापूर्वी मोबाइल दूर ठेवणे आणि उन्हाळ्यात दुपारच्या झोपेने तूट भरून काढणे हे घरगुती इलाज होत. नेहमी घोरणाऱ्या मुलाची वैद्यकीय तपासणी अवश्य करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत व शाळांत तपासणी करतात; त्यांच्याकडे मुलाच्या झोपेची तक्रारही सांगावी. ज्या मुलाच्या झोपेची विचारपूस झालेली नाही, त्यास त्याच्या वर्तनाबद्दल शिक्षा करणे अन्यायाचे होय.