माकडाचा बिऱ्हाडकरू

पोलिओच्या लशीसाठी १९५५ च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानातील लालतोंडी माकडे हजारोंनी अमेरिकेस जात. त्यांच्या मूत्रपिंडातील पेशी काचपात्रांत वाढवीत आणि त्यांवर पोलिओचे विषाणू पोशीत. या पेशींत माकडाचाच एक विषाणू बिऱ्हाड करून होता. घरमालकाला त्याचा उपद्रव नसे, म्हणून तो कोणाच्या ध्यानी आला नाही. १९६० साली स्वीट व हिलेमन यांनी तो आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या पेशींवर सोडला. त्या पेशींत बुडबुड्यांसारख्या पोकळ्या उठल्या नि त्या मेल्या. परक्या घरी गेला आणि ओळखू आला म्हणायचा! त्याचे नाव पडले 'एसव्ही-४०'. हॅम्स्टरांत त्याने गाठी उठवल्या. माणसांत कर्करोग त्यामुळे होतो, असे सिद्ध झाले नाही. पण तोवर लस कोट्यवधी मुलांना टोचली गेली होती. १९६१ पासून अमेरिकेत नवी लस तपासूनच घेऊ लागले. जुना साठा मात्र १९६३ पर्यंत वापरात होता.