मीनाकारी व वास्तुप्रेरित घड्याळे

राजवाडे, मंदिरे, जाळ्या, झरोके अशा भारतीय वास्तुरूपांवर बेतलेली आणि मीनाकाम, लघुचित्र किंवा कोरीवकाम यांनी सजवलेली महागडी घड्याळे.

मीना म्हणजे धातूंच्या ऑक्साइडांनी रंग आणलेली काचेची पूड. जयपूरचा मीनाकार सोन्याच्या किंवा चांदीच्या पत्र्यावर खळगे कोरतो, त्यांत ओली पूड भरतो आणि सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतो. उष्णता सोसणारे रंग आधी, नाजूक लाल शेवटी. दागिन्यात मुरलेली ही कला तबकडीवर मात्र अडखळते. तबकडीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर असतो आणि भट्टीत वाकतो. म्हणून पाठीमागेही मीना चढवून ताण सारखा करावा लागतो. शेवटच्या भाजणीत तडा गेला की आधीची सगळी मेहनत वाया. ‘मीनाकारी’ म्हणून खपणाऱ्या स्वस्त तबकड्यांवर बहुधा न भाजलेला रेझिनचा रंग असतो. त्यांना या वर्गात धरू नये.

भारतातील स्विस घड्याळांच्या व्यापाराचे एक मुख्य केंद्र मुंबई होते. फाव्र-लुबा या स्विस कंपनीचा भारताशी व्यापार १८६५ मध्ये सुरू झाला, तर वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ पासूनची. विलासी घड्याळांत जेजर-लकूल्त्रचे ‘रिव्हर्सो’ (१९३१) विशेष. त्याची कल्पना ब्रिटिशकालीन भारतातील पोलो खेळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या फुटणाऱ्या काचांवरून सुचल्याचे सांगतात. काच वाचवण्यासाठी उलटणाऱ्या पेटीची कोरी पाठ पुढे मीना-चित्रांना आयतीच मिळाली.

टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ यांच्या भागीदारीतून १९८४ मध्ये उभ्या राहिलेल्या टायटनने २०२५ मध्ये सोन्याच्या ‘नेब्युला’ मालिकेत ‘जलसा’ आणले. जयपूरच्या हवामहालाच्या २२५ वर्षांनिमित्त काढलेली ही फक्त १० घड्याळे, किंमत प्रत्येकी सुमारे ४० लाख रुपये. आत फ्लाइंग तुर्बियाँ ही फिरती यंत्रणा, वर पद्मश्री शाकिर अली यांचे लघुचित्र. हे काम कुंचल्याचे आहे, भट्टीचे नव्हे. पण विषयाची निवड चोख. १७९९ चा हवामहाल मुख्यतः दर्शनी भिंतच. वरचे मजले एका खोलीइतकेच खोल. सपाट तबकडीला याहून सोयीची इमारत शोधून सापडणार नाही. बहुतेक घड्याळकार मात्र कोणत्याही वास्तूचा असाच दर्शनी भाग उचलतात आणि आराखडा सोडून देतात.

आराखडाच उचलण्याची उलट वाट नवी मुंबईतील सीबीडी बेलापूरशी जोडलेल्या वास्तुकाराने घेतली. येथील आर्टिस्ट्स व्हिलेज ही चौकांभोवती बसवलेली, हळूहळू वाढवता येणारी बैठी वसाहत चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखली. जयपूरच्या जवाहर कला केंद्रासाठी त्यांनी हे शहर वसवणाऱ्या सवाई जयसिंगांच्या नगररचनेतील नऊ चौरसांचा मांडणीक्रमच घेतला, आणि मूळ शहरात एक चौरस सरकला आहे तसा इथेही सरकवला. घड्याळाच्या यंत्रणेची चाके अशा आराखड्यावर मांडता येणे अशक्य नाही. तबकडीवरच्या झरोक्यापेक्षा ते वास्तूच्या अधिक जवळ जाईल.