नेटवर्क ड्रायव्हर : प्रलंबित कामांची आवराआवर
लिनक्स कर्नलमधून नेटवर्क उपकरणाचा ड्रायव्हर काढताना, त्याने रांगेत ठेवलेली कामे रद्द करण्याची किंवा ती संपेपर्यंत थांबण्याची प्रक्रिया. पाठवणी अडकल्यास कार्ड पुन्हा सुरू करणे यासारखी वेळखाऊ कामे ड्रायव्हर इंटरप्टमध्ये, म्हणजे उपकरणाच्या तातडीच्या हाकेला उत्तर देताना, न उरकता ‘वर्कक्यू’ या कार्यरांगेकडे सोपवतो. तिची आजची रचना तेजुन हिओ यांची असून ती २.६.३६ या आवृत्तीत (२०१०) आली. यूएसबी कार्ड उपटल्यावर ड्रायव्हरने आपली मेमरी मोकळी केली, तरी मागे राहिलेले काम नंतर चालून त्याच जागेला हात लावते आणि कर्नल कोसळतो किंवा, त्याहून वाईट, दुसऱ्याचा डेटा गुपचूप बिघडतो. म्हणून आधी उपकरणाची नोंदणी रद्द करून इंटरप्ट, टायमर हे नवे काम येण्याचे मार्ग बंद करायचे, मग ‘कॅन्सल वर्क सिंक’ने उरलेले काम थांबवायचे आणि त्यानंतरच मेमरी सोडायची, असा क्रम पाळावा लागतो. टायमर आणि काम एकमेकांना पुन्हा जागवत असतील, तर त्यासाठी ६.२ आवृत्तीत (२०२३) टायमर पुन्हा लावू न देणारे ‘टायमर शटडाउन सिंक’ आले. खरी गोम मात्र लॉकमध्ये असते : ड्रायव्हर काढणारी प्रक्रिया ‘आरटीएनएल’ हा नेटवर्क मांडणीतील बदलांसाठीचा, एका वेळी एकालाच मिळणारा लॉक धरून कामाची वाट पाहत असेल आणि कामाला तोच लॉक हवा असेल, तर दोन्ही कायमची अडकतात.